वारसा जबड्याचा, वळण सवयींचं

पोराचे दात वेडेवाकडे आले की घरात आधी खापर फुटतं ते घराण्यावर. ‘बापावर गेलाय’ म्हटलं की विषय मिटतो. जबड्याची ठेवण बरीचशी रक्तातून येते, हे खरंच. पण वाढतं हाड रोज तासन्‌तास पडणाऱ्या हलक्या दाबानेही वळतं.

नाकाने श्वास घेणाऱ्या मुलाचे ओठ मिटलेले असतात, जीभ टाळूला टेकलेली. बाहेरून गाल रेटतात, आतून जीभ. या रेटारेटीत वरचा जबडा रुंदावतो. नाक चोंदलं की तोंड उघडतं, जीभ खाली उतरते आणि गालांना अडवणारं आत कुणी उरत नाही. टाळू अरुंद, खोल होऊ लागतो. टाळू म्हणजेच नाकाची जमीन. ती आवळली की नाकाची वाटही आवळते.

कॅलिफोर्नियात संशोधक एगिल हार्व्होल्ड यांनी वाढत्या वयाच्या माकडांची नाकं चक्क बुजवून पाहिली. आज वाचताना अंगावर काटा येतो. गंमत अशी, की सगळ्यांचे दात एकाच तऱ्हेने बिघडले नाहीत. कुणी जबडा खाली सोडून श्वास घेतला, कुणी पुढे काढून. ज्याची जशी लकब, तसा त्याचा चेहरा. म्हणूनच तोंडाने श्वास घेणारं प्रत्येक मूल लांबट चेहऱ्याचं होत नाही.

पण घोरणाऱ्या मुलाला ‘किती गाढ झोपलंय’ म्हणणं थांबवायला हवं. श्वासाची वाट अडवू शकणाऱ्या नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी साधारण तीन ते सात या वयात सर्वांत मोठ्या असतात. तेव्हा आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग दातांचे.

अंगठा चोखण्यातही जोरापेक्षा तास महत्त्वाचे. चार वर्षांच्या आत सवय सुटली तर पुढचे दात बरेचदा आपोआप जुळतात. कडुनिंबाचा पाला वाटून अंगठ्याला फासायची घाई नको.

चावण्याचं काय? मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांना चंदिगडच्या परिसरात भरडं खाणाऱ्या खेड्यातल्या तरुणांपेक्षा शहरी तरुणांचे दात अधिक विस्कटलेले आढळले. हा पुरावा सूचक आहे, निर्णायक नाही. तरी तीन वर्षांच्या मुलाला खिमटच भरवत राहण्याचं कारण मला दिसत नाही. भाकरीचा पापुद्रा, गाजर, उसाचं करवं त्याच्या हाती द्यावं.

आपल्याकडे तारेचा विचार होतो तो बारा-तेराव्या वर्षी, सुळा हिरडीत वर चढलेला दिसल्यावर. टाळूच्या मधली शिवण मात्र त्याआधी सैल असते, आणि अरुंद जबडा रुंद करणं तेव्हाच सोपं जातं. सातव्या वर्षी एकदा दाखवून यावं, असं दंतवैद्य सांगतात ते त्यासाठी.