पानं गळलेली आमरी मेलेली नसते : ऑर्किडची थंडीतली विश्रांती



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना सांगतो, की झाडाला पाणी, हवा, ऊन आणि खत लागतं. पण काही झाडांना फुलायच्या आधी थंडीही लागते आणि त्या काळात पाणी-खत कमी करावं लागतं, हे सांगायचं राहून जातं. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. शाळेतल्या एका कुंडीने शिकवलं, तेही माझ्या हातून चूक झाल्यावर.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यात. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी शाळेला एक ऑर्किड दिलं, डेंड्रोबियम नोबिले. हे सिक्कीमचं राज्यफूल. पाकळ्या पांढरट, टोकांना जांभळट-गुलाबी आणि मधोमध गडद मरून ठिपका. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. डेंड्रोबियम या नावाचा अर्थ झाडावर जगणारी. पण ही बांडगूळ नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं, आमरी फांदीचा नुसता आधार घेते.

पावसाळ्यात आमची आमरी छान वाढली. डिसेंबरात मात्र पानं पिवळी पडून गळायला लागली. उसाच्या बारीक कांड्यांसारखे उघडे दांडे तेवढे उरले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग रोज पाणी, दर आठवड्याला खत, आणि गारठ्यात नको म्हणून कुंडी उचलून ऑफिसात ठेवली. दोन दांडे तर वाळले समजून मी कात्रीने कापूनच टाकले! मार्च आला, फूल एकही नाही. फुलांच्या जागी दांड्यांवर इवली इवली रोपं फुटली होती.

मुलांसमोर कुंडी ठेवून "असं का झालं असेल?" असं विचारलं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही ताण दिलाच नाही." तिच्या घरी डाळिंबाची बाग आहे. बहार धरायच्या आधी पाणी तोडतात, हे तिने घरी पाहिलेलं. मी घरी जाऊन वाचलं, तर पोरगी बरीचशी बरोबर होती. फरक एवढाच, की डाळिंबाला मुख्य ताण पाण्याचा असतो, तर या आमरीला मुख्य इशारा थंडीचा आणि कोरडेपणा मदतीला.

हिमालयाच्या उतारांवर ही आमरी पावसाळ्यात भराभर वाढते आणि दांड्यांत अन्न-पाणी साठवते. नंतर येतो कोरडा, थंड हिवाळा. वाढ थांबते, पानं गळतात. दांड्याच्या पेरावर उसासारखाच डोळा असतो. त्या डोळ्याचं फूल व्हायचं की रोप, हे याच काळात ठरतं. रात्री साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान चार ते सहा आठवडे मिळालं, की डोळे कळ्यांकडे वळतात. ऊब, पाणी आणि नत्राचं खत मिळत राहिलं, तर झाड समजतं की अजून वाढायचे दिवस आहेत, आणि डोळ्यांतून पिल्लं फुटतात. आमचं नेमकं हेच झालं. आणि मी कापले ते दांडे मेलेले नव्हतेच. एका हंगामात वाढलेल्या दांड्यावर पुढच्या वसंतात फुलं येतात. म्हणजे मी फुलंच कापली होती. दांडा पार पोकळ आणि तपकिरी झाल्याशिवाय त्याला कात्री लावू नका.

दुसऱ्या वर्षी आम्ही कॅलेंडर सणांवर बांधलं, मुलांच्या लक्षात राहतं. गणपती विसर्जन झालं की खत बंद. दिवाळीनंतर कुंडी व्हरांड्याच्या पूर्वेच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन आणि रात्रीचा गारवा दोन्ही मिळतात. पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही सकाळी. थंड रात्री मुळं ओली राहिली तर कुजतात. दांडे थोडे सुरकुतले तर घाबरायचं नाही, फारच आक्रसले तर थोडं पाणी द्यायचं. निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. अशा रात्री मात्र कुंडी आत घ्यायची, कारण हिम पडलं तर ती टिकत नाही. तिसरी-चौथीची मुलं रोजचं किमान तापमान फळ्यावर लिहायची. त्याचा आलेख पुढे गणितात कामाला आला.

एक मोह मात्र टाळा. फेब्रुवारीत पेरावर बारीक फुगवटा दिसला, की हात पाण्याकडे जातोच. तो फुगवटा कळीच आहे, हे स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. घाई केली तर त्याचंही पिल्लू होऊ शकतं. आमच्या मुलांनी शिपाईमामांवर सुद्धा पहारा ठेवला होता! मार्चअखेर तीन दांड्यांवर फुलं आली. मोठ्या बाईंना फोटो पाठवला, तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच बघायला आल्या.

मुंबई-कोकणातल्या वाचकांनी आधी आपल्याकडची रात्र किती गार होते ते बघा. तिथे नोबिलेला पुरेशी थंडी मिळणं अवघड. बाजारात उंच तुऱ्याची जी जांभळी डेंड्रोबियम मिळतात, ती उष्ण प्रदेशातली. त्यांना अशी विश्रांती नको, उलट थंडीने ती खराब होतात. म्हणून विकत घेताना जात विचारून घ्या. आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बेट्युलमसुद्धा पानं गाळून उघड्या दांड्यांवर पांढरं फुलतं. सहलीत दाखवा, पण जंगलातून काढून आणू नका.

पहिल्या वर्षीची पिल्लं आम्ही टाकली नाहीत. त्यांना दोन इंच मुळं आल्यावर ती अलगद सोडवली आणि कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचं सोडण घालून छोट्या कुंड्यांत लावली, माती अजिबात नाही. त्यातली एक त्या डाळिंबवाल्या मुलीच्या घरी आहे.