थंडीवर जगलेले गाव

शाळेच्या भूगोलात प्रेअरी म्हणजे क्षितिजापर्यंत गहू. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅल्गरीहून ईशान्येला निघाले की बराच वेळ अगदी तसेच दिसते. मग जमीन एकाएकी पायाखालून निसटते आणि रेड डिअर नदीची खोल दरी समोर येते. दोन्ही अंगांना ओकेबोके, करड्या-तपकिरी पट्ट्यांचे उतार आणि त्या पट्ट्यांमधून गेलेल्या काळ्या रेघा. या रेघा म्हणजे कोळसा. ड्रमहेलर शहर ओलांडून नदीच्या काठाकाठाने पुढे गेले की ‘ईस्ट कूली’ नावाची वाडी लागते. आपल्याला या नावातून हमाल आठवेल, पण तिकडे कूली म्हणजे पाण्याने कोरलेली घळ. ‘वाहणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला.

सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकाठची दलदल होती. तिच्यात कुजलेल्या झाडांचा कोळसा झाला, तिच्याच गाळात डायनोसॉर गाडले गेले. त्यामुळे या दरीत एक शोधायला जावे तर दुसरे हाती लागते. १८८४मध्ये जोसेफ टायरेल हा तरुण भूशास्त्रज्ञ सरकारी कामावर कोळशाचे थर नोंदवत फिरत होता. त्याला एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली. पुढे त्या प्राण्याचे नाव अल्बर्टोसॉरस ठेवले गेले. आज पर्यटकांची रांग लागते ती टायरेलच्या नावाच्या संग्रहालयापाशी. तो ज्यासाठी आला होता, त्या कोळशाने मात्र त्याआधी साठ-सत्तर वर्षे दरी पोसली.

प्रेअरीवर गवत अमाप, झाडे विरळ. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. नव्याने वसलेल्या शेतकऱ्याला सरपण कुठून मिळणार? ड्रमहेलरचा कोळसा चटकन पेटणारा, घरच्या शेगडीला सोयीचा. १९१२मध्ये रेल्वे आली आणि दरीत खाणींची रीघ लागली. १९११ ते १९७९ या काळात तिथे १३९ खाणींची नोंद झाली आणि साडेपाच कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला.

धंदा थंडीचा, म्हणून कामही हंगामी. हिवाळ्यात हातांना उसंत नाही, उन्हाळ्यात खाणी थंडावत. मग पुष्कळजण शेतांवर मजुरीला जात. ब्रिटनमधून आणि पूर्व युरोपातून आलेली ही माणसे. १९१९मध्ये त्यांनी ‘वन बिग युनियन’ या कामगार संघटनेसाठी संप केला. मालकांनी महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना हाताशी धरून तो मोडून काढला.

ईस्ट कूली उशिराचे, १९२८च्या सुमाराला वसलेले. त्याच्या समोरच्या काठावर १९३६मध्ये अ‍ॅटलस खाणीचे नवे तोंड उघडले. तिथला लाकडी ‘टिपल’ आजही उभा आहे. टिपल म्हणजे कोळसा चाळण्या-निवडण्याचा उंच मनोरा. वर कोळसा यायचा, हलत्या चाळण्यांवरून घरंगळायचा. ढेकळाएवढा, अंड्याएवढा, अक्रोडाएवढा असा वेगळा होऊन शेवटी चुरा उरायचा. मधले दगड हातांनी वेचून काढत. खाली रेल्वेच्या वाघिणी उभ्या असत, त्यांत माल थेट पडे.

खाणकामगाराचा हिशेब मात्र एका पितळी बिल्ल्यावर चाले. त्यावर त्याचा आकडा कोरलेला. भरलेल्या टबला तो बिल्ला अडकवायचा. वर काट्यावर वजन झाले की ते त्या आकड्याच्या नावे जमा. बिल्ला वाटेत गळून पडला तर एवढा टब कोणी भरला हे सांगायला कोळसा थोडाच बोलणार?

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी याच प्रांतात लेडूक इथे तेल लागले. घरांत गॅस आला, रेल्वेची इंजिने डिझेलवर गेली. दरीचे गिऱ्हाईक दोन्हीकडून तुटले आणि खाणी एकामागून एक मिटल्या. अ‍ॅटलसने १९७९पर्यंत तग धरला. भरभराटीत काही हजारांवर गेलेली ईस्ट कूलीची वस्ती आज दोनशेच्याही आत आली आहे. १९९८पासून हे गाव ड्रमहेलरच्याच हद्दीत मोडते. शाळेत मुले उरली नाहीत, तेव्हा तिचेही संग्रहालय झाले.

एरवी खाण बंद पडली की आधी लाकूड जाते, मग लोखंड. अ‍ॅटलस शेवटपर्यंत चालली आणि बंद पडल्यावर स्थानिक लोकांनी ती राखली, म्हणून टिपल वाचला. कॅनडात उभा असलेला तो शेवटचा लाकडी कोळसा-टिपल मानला जातो. खाणीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. दरीत येणाऱ्याने डायनोसॉर पाहून परत फिरू नये, नदीकाठाने थोडे पुढे जावे. तिथली काळी रेघ पाहताना एक तारीख लक्षात असू द्यावी: जून २०२४. त्या महिन्यात अल्बर्टाने विजेसाठी कोळसा जाळणे पूर्णपणे थांबवले.