हळदीच्या आलेखातील सरकलेली दरी

सांगलीच्या बाजारातली हळद कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आणून तिच्यातील पिवळे रंगद्रव्य, कर्क्युमिन, आम्ही वेगळे केले. पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलून त्याची चकती दाबली आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडले. रेणूतील बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात. ज्या किरणांची कंपने बंधाच्या कंपनांशी जुळतात ते शोषले जातात. आलेखात तेथे दरी दिसते.

साध्या कीटोनमधील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची दरी तरंगसंख्या १७०० च्या (दर सेंटिमीटरला) आसपास येते. आमच्या आलेखात तेथे काहीच नव्हते. दरी होती १६२८ च्या सुमारास! नमुना बिघडला की काय? पावसाळ्यात चकती ओल धरते आणि पाण्याचीही दरी १६४० जवळ येते. मीठ नीट वाळवून नवी चकती केली, तरी दरी हलली नाही.

उत्तर रेणूतच होते. घनरूप कर्क्युमिन ईनॉल रूपात असते. शेजारचा हायड्रोजन आणि दुहेरी बंधांची साखळी यांमुळे हा बंध सैलावतो. सैल स्प्रिंग सावकाश कंप पावते.

म्हणून तक्त्यातील आकडे पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे : दरी सरकली, ती कशामुळे?