खोत कुठे गेले?

‘तुंबाड’ चित्रपटाचा ट्रेलर आला सप्टेंबर २०१८मध्ये. भिलाईच्या टाउनशिपमधल्या आमच्या घरी भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं पोचायची ती नागपूरहून, सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या पिशवीतून, चिवड्याच्या पुड्याखाली. त्यामुळे कोपऱ्यावर तेलाचा डाग हवाच. ट्रेलरमध्ये साखळदंडातली ती म्हातारी दिसली आणि काकांनी मोबाइल पालथाच घातला. म्हणाले, “ही धारपांच्या कथेतली आजी!”

बाबांची तक्रार वेगळी. ते श्री. ना. पेंडशांचे भक्त, “यात खोत कुठे आहेत?” हेच त्यांचं पालुपद. चूक दोघांचीही नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी गोष्टीचं बीज धारपांकडून घेतलं, नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीवरून, आणि हस्तर हा देव चित्रपटाने रचला. बर्वे यांनी धारपांची ती कथा मित्राच्या तोंडून ऐकली १९९३मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात. चित्रपट थिएटरात लागला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. चित्रीकरण २०१२मध्येच सुरू झालं होतं. पण पाऊस खराच हवा, म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे गेले. धारप २००८मध्येच वारले होते.

चित्रपटाची भाषा मात्र हिंदी. भिलाईत त्याचं कुणाला काय!