गाय शेजारच्या गोठ्यात ठेवताय?

तायांनो, ऊसतोडीला जाताना गटाच्या कर्जातून घेतलेली गाय बऱ्याचजणी शेजारच्या गोठ्यात बांधून जातात. कुणी बाळंतपणासाठी ठेवते, कुणी ऑपरेशनसाठी. "घरच्यासारखेच आहेत, काय बोलायचं?" म्हणून आपण निघतो. मग गाय परत आणायला गेलो की बोलणं होतं, तेही भांडणाचं.

म्हणून आधीच बसून ठरवा. दूध कुणाचं, पेंडीचा खर्च कुणाचा, वासरू झालं तर कुणाचं, आजारपणात डॉक्टरचे पैसे कोण देणार. वैरण-पेंड त्यांची आणि दूधही त्यांचं, हा सोपा हिशोब. पण हप्ता चालू असेल तर दुधात आपला वाटा ठेवा. नाहीतर डेअरीचं बिल त्यांच्या खात्यावर आणि हप्ता आपल्या डोक्यावर! हे सगळं वहीत लिहा, दोघींच्या सह्या घ्या, गटाच्या अध्यक्षताईंना साक्षीला ठेवा. जाऊबाईकडे ठेवली तरी लिहाच.

त्याच पानावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि रेतनाची तारीख टाका. विमा असेल तर गाय हलवतोय हे कंपनीला आधी कळवा. गाय साधारण २८० दिवसांनी विते आणि त्याआधी दोन महिने तिला आटवायला लागतं. दूध ज्यांच्या घरी जातंय त्यांना आटवायची घाई नसते, म्हणून आटवायची तारीखच लिहून द्या.

परत आणताना जास्त गडबड होते. तिकडे मुरघास आणि पेंड, आपल्याकडे नुसता कडबा. चारा एकदम बदलला की पोट बिघडतं, दूध घटतं. येताना तिथला थोडा चारा मागून आणा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा. घरी दुसरी जनावरं असतील तर दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, बादली वेगळी ठेवा, धार तिची शेवटी काढा. लाळ्या-खुरकूत अंगात असला तरी लगेच दिसत नाही, दोन आठवडेही लागू शकतात. कानात, कासेजवळ, शेपटीखाली गोचीड बघा. दुभती असेल तर चारही सडांची पहिली धार गडद फडक्यावर घ्या. गुठळ्या दिसल्या तर कासदाह समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

पैशाचा हिशोब मात्र गाय सोडायच्या आधी, त्याच वहीत मिटवा. ज्यांना यंदा गाय ठेवायचीय त्यांनी पुढच्या बैठकीला वही घेऊन या, रकाने मी आखून देते.