उत्तरेकडील थंड देशांतील सुट्टी : नॉर्वेचें उदाहरण

थंड हवेची ओढ ही उष्ण देशांतील मनुष्याची स्वाभाविक ओढ होय. महाराष्ट्रांतील सुखवस्तु कुटुंबें पूर्वीं मे महिना लागला कीं महाबळेश्वर किंवा माथेरान गांठीत. आतां त्यांपैकीं कांहीं युरोपच्या उत्तर टोकापर्यंत जाऊं लागलीं आहेत. बर्फाचीं शिखरें, स्वच्छ पाणी आणि विरळ वस्ती यांच्या आकर्षणानें तीं तेथें जातात. परंतु ज्या निर्मळपणासाठीं एवढें दूर जावयाचें, त्यालाच त्या प्रवासानें धक्का पोंचत असेल तर काय, हा प्रश्न विचारी प्रवाशाला टाळतां येत नाहीं. निसर्गाला कमींत कमी उपद्रव देऊन आणि कुटुंबाच्या मिळकतीला झेपेल अशा बेतानें ही सुट्टी कशी आखावी, हें नॉर्वेच्या उदाहरणावरून चांगलें समजेल.

प्रथम हिशेबांतील सर्वांत मोठी रक्कम पाहिली पाहिजे. मुंबईपासून नॉर्वेची राजधानी ऑस्लो सरळ रेषेंत सुमारें ६,६०० किलोमीटर दूर आहे. विमानानें जाऊन परत यावयाचें म्हटलें म्हणजे एकेका उतारूच्या वांट्याला एक टनाहून अधिक कार्बन वायु येतो. सरासरी भारतीय मनुष्याचा सबंध वर्षाचा वांटा सुमारें दोन टनांचा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें वजन कळतें. चौघांच्या कुटुंबानें हा प्रवास केला, तर मागाहून हॉटेलांतील टॉवेल दोन दिवस वापरल्यानें किंवा कापडी पिशवी बाळगल्यानें ती बाजू भरून निघणें शक्य नाहीं. असल्या काटकसरीचा उपयोग आहेच. पण मुख्य निर्णय घरीं बसून तिकीट काढण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो.

या हिशेबांतून तीन नियम आपोआप निघतात. पहिला नियम असा कीं, जावयाचें तर क्वचित् जावें आणि पुष्कळ दिवस राहावें. दर वर्षीं आठ दिवसांची धांवपळ करण्यापेक्षां पांच वर्षांतून एकदां तीन आठवड्यांची सुट्टी घेणें श्रेयस्कर. दुसरा नियम, एका खेपेस एकच प्रदेश पाहावा. आठ दिवसांत पांच राजधान्या पाहणाऱ्याच्या स्मरणांत बहुधा विमानतळच उरतात. तिसरा नियम, एकदां तेथें उतरल्यावर पुन्हां विमानांत पाऊल टाकूं नये. सुदैवानें नॉर्वेमध्यें हा तिसरा नियम पाळणें मुळींच कठीण नाहीं. त्या देशांत बहुतेक सर्व वीज धबधब्यांच्या व जलाशयांच्या पाण्यापासून तयार होते आणि मुख्य लोहमार्गांवर विजेच्या गाड्या धांवतात.

ऑस्लो ते बर्गन हा लोहमार्ग १९०९ सालीं सुरू झाला. सुमारें सात तासांच्या या प्रवासांत गाडी अरण्यांतून वर चढत चढत फिन्से या १,२२२ मीटर उंचीवरील स्थानकाला येते आणि तेथून पश्चिम किनाऱ्याकडे उतरूं लागते. मिर्डाल स्थानकावर गाडी बदलली कीं १९४० सालीं सुरू झालेला २० किलोमीटरचा फ्लॉम मार्ग लागतो. तेवढ्या अंतरांत ही गाडी आठशेंहून अधिक मीटर खालीं उतरून थेट फ्योर्डच्या कांठीं पोंचते. हिमनद्यांनीं कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्राचें पाणी शिरून जे चिंचोळे फांटे तयार झाले, त्यांना फ्योर्ड म्हणतात. फ्लॉमहून गुडवांगेनला जाणारी बोट नेरॉय फ्योर्डमधून जाते. त्याची रुंदी एके ठिकाणीं अवघी अडीचशें मीटर आहे. २००५ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. याच बोटींच्या मार्गावर २०१८ पासून केवळ विजेच्या घटांवर चालणारें एक जहाज फिरूं लागलें. शिवाय अशा वारसा-फ्योर्डमध्यें दहा हजार टनांखालील प्रवासी जहाजांनीं दूषित वायु न सोडतां चालावें, असा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागूं झाला आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत मिळाली आहे. गुडवांगेनहून व्हॉसपर्यंत बस आहे, आणि व्हॉस पुन्हां त्याच लोहमार्गावर आहे. तात्पर्य, भाड्याची मोटार न घेतांही देशाचा हा उत्तम भाग पाहतां येतो. मात्र लोहमार्गाचीं तिकिटें जितकीं आधीं काढावींत तितकीं तीं स्वस्त पडतात, हें ध्यानांत ठेवावें.

ऋतूची निवड करतांना आपल्याकडील शाळांची सुट्टी आणि तेथील हवामान यांचा मेळ घालावा लागतो. मे महिन्यांत फिन्सेच्या पठारावर बर्फाचा जाड थर असतो आणि पायवाटा बंद असतात. त्या बहुधा जुलै महिन्यांत मोकळ्या होतात. म्हणून ज्यांना मुलांसह मे महिन्यांतच जाणें भाग आहे, त्यांनीं डोंगर चढण्याचा हट्ट सोडून हार्डांगर फ्योर्डच्या कांठीं मुक्काम करावा. तेथील सफरचंदाच्या बागा त्याच महिन्यांत फुलतात. १८१४ च्या राज्यघटनेचा वाढदिवस १७ मे रोजीं साजरा होतो आणि गांवोगांव मुलांच्या मिरवणुकी निघतात. त्या दिवशीं, तसेंच बहुतेक रविवारीं, दुकानें बंद असतात. तेव्हां शिधा आदल्या दिवशींच आणून ठेवावा. ज्यांच्यावर शाळेचें बंधन नाहीं, त्यांना ऑगस्टचा उत्तरार्ध अधिक सोयीचा, कारण तेव्हां गर्दी ओसरलेली असते. पाऊस मात्र केव्हांही गांठतो. बर्गनला वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका, पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत न कोसळतां बारा महिने पडत राहतो. छत्रीपेक्षां पाणी न झिरपणारा अंगरखा, आंत लोकरीचे कपडे आणि मजबूत बूट एवढी तयारी पुरे.

राहण्याच्या व जेवणाच्या बाबतींत खिशाचें हित आणि निसर्गाचें हित हीं बहुधा एकच असतात. स्वयंपाकघर असलेली खोली आठवडाभर घ्यावी. तांदूळ, डाळ व मसाले बरोबर नेतां येतात. परंतु युरोपबाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास तेथें मनाई आहे, म्हणून तुपाचा डबा घरींच ठेवावा. तेथील बटाटे, पाव आणि खव्याची आठवण करून देणारें तपकिरी चीज यांवर शाकाहारी मनुष्याचें चांगलें भागतें. नळाचें पाणी उत्कृष्ट असल्यानें बाटलींतील पाणी विकत घेणें हा निव्वळ अपव्यय होय. पेयांच्या बाटल्यांवर अनामत घेतली जाते आणि रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत टाकतांच ती परत मिळते.

ज्यांना पायीं हिंडावयाचें आहे, त्यांच्यासाठीं १८६८ सालीं स्थापन झालेल्या प्रवासी संघाच्या साडेपांचशेंहून अधिक झोपड्या देशभर आहेत. त्यांपैकीं कित्येकींत व्यवस्थापक नसतो. कोठींतून शिधा घ्यावा, त्याची नोंद करावी व पैसे चुकते करावेत, अशी विश्वासाची पद्धत आहे. १९५७ च्या कायद्यानें तेथें कोणासही मोकळ्या रानांतून हिंडण्याचा हक्क दिला आहे. तंबू मात्र वसतीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर ठोकावा, एका जागीं परवानगीवांचून दोन रात्रींहून अधिक राहूं नये, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळांत रानांत किंवा रानाजवळ शेकोटी पेटवूं नये. हक्क मोठा असला कीं त्याचें बंधनही मोठें असतें, हें तेथील लहान मूलही जाणतें.

नॉर्वे युरोपीय संघांत नसला तरी २००१ पासून शेंगेन व्यवस्थेंत आहे. त्यामुळें त्याच प्रवेशपत्रावर तेथें जातां येतें. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो, आणि ३०,००० युरोंचा प्रवासी विमा आवश्यक असतो. हीं कामें शेवटच्या पंधरवड्यावर ढकलूं नयेत. घाईनें काढलेलें तिकीट महागही पडतें आणि वांकडे-तिकडे फेरे घेत जाणाऱ्या विमानाचें असण्याचा संभवही अधिक.

फिन्से स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला समोरच हार्डांगर पठारावरील मोठी हिमनदी दिसते. ती हळूहळू आक्रसत आहे; जगाचें तापमान असेंच वाढत राहिलें तर या शतकाच्या अखेरीस ती बहुतांशीं नाहींशी होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यासाठीं तिचें दर्शन घेऊंच नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिच्यासमोरून दहा मिनिटांत छायाचित्र घेऊन पुढच्या विमानाकडे धांवणारा आणि त्याच दरींत आठवडाभर राहून, पायीं हिंडून, मुलांना बर्फ व खडक यांचें नातें समजावून देणारा, या दोघांनींही निसर्गाला दिलेली किंमत जवळजवळ सारखीच असते. पदरांत पडलेलें मात्र सारखें नसतें. सुट्टीचा बेत आखतांना प्रत्येक कुटुंबानें हा हिशेब आधीं मांडावा, आणि मगच तिकिटाला हात घालावा.