सर्टिफिकेट मिळेल, पुढे काय?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हरसूल म्हणजे डोंगर, भाताची खाचरं, नागली-वरई आणि गजबजलेला आठवडे बाजार. सुगी सरली की या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. अशा घरातली बारावी झालेली मुलगी म्हणाली, ‘आई, मोबाइलवर वेबसाइट बनवायचा कोर्स आहे, सर्टिफिकेट मिळतं,’ तर आई काय विचारणार? ‘पैसे किती, आणि नोकरी लागंल का?’ प्रश्न अगदी रास्त आहे, मैत्रिणींनो.

आधी हे ‘फ्रंट-एंड’ प्रकरण समजून घेऊ. वेबसाइटचा जो भाग आपल्या डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, तो फ्रंट-एंड. कुडाचं घर आठवा. कूड उभा करायचं काम एचटीएमएल करते, सारवण आणि रंग सीएसएस, आणि बटण दाबलं की दिवा लागावा ही करामत जावास्क्रिप्टची. या तिन्ही गोष्टी शिकायला इंजिनीअरच असावं लागतं असं नाही. चिकाटी मात्र हवी.

आता पैशांचं. ‘फ्री कोड कॅम्प’ या संस्थेचं शिक्षण आणि प्रमाणपत्र दोन्ही विनाशुल्क आहेत. पण स्वतः पानं बनवून दाखवावी लागतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर (२०१७) शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे स्वतःच स्वतः शिकता यावं म्हणूनच बनवलेले आहेत, त्यातले कित्येक मराठीतही मिळतात आणि उतरवून घेतले की रेंज नसतानाही पाहता येतात. तेव्हा ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणत आगाऊ हजारो रुपये मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा!

अडचणी आहेतच. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर कोड लिहिणं जिकिरीचं. शाळा-कॉलेजचा संगणक आठवड्यातून दोन-तीन तास जरी मिळाला तरी फरक पडतो. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेलं पान ब्राउझरमध्ये उघडायला इंटरनेटही लागत नाही. दोघी-तिघींनी मिळून शिकलं तर उत्तम. एकीचं अडलं की दुसरी सोडवते, आणि घरचेही निर्धास्त राहतात.

नोकरीचं खरं सांगायचं, तर नुसत्या प्रमाणपत्रावर ती मिळत नाही. साधं पान तर आता एआयही लिहून देतं. म्हणून काम देणारा विचारतो, ‘काय बनवलंस ते दाखव.’ मग सुरुवात गावातूनच का करू नये? बचत गटाच्या नागलीच्या पापडांचं पान, शाळेचं पान, दुकानाची माहिती. इथे आपल्या मुलींची एक जमेची बाजू आहे. ओळींतलं अंतर कमी पडलं तर मराठी अक्षरांच्या वेलांट्या आणि उकार कसे कापल्यासारखे दिसतात, हे मराठी वाचणारीलाच आधी कळतं. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये केली, तर अंध व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मराठीतच वाचायचा हे समजतं. या बारकाव्यांची जाण असलेली माणसं हवीच आहेत.

तेव्हा आयांनो, लेकीला सहा महिने द्या. रोज तासभर तिला पाणी भरायला, धाकट्याला सांभाळायला हाक मारू नका. फी माफ असते हो, पण हा तास घरानेच द्यावा लागतो.